घाशीराम पडतो, कोतवाली राहते

१७९१ सालचा श्रावण. दक्षिणेसाठी लांबलांबून पुण्यात आलेल्या ब्राह्मणांपैकी काही तेलंगी ब्राह्मण शहर कोतवाल घाशीराम सावळदास याच्या बागेत उतरले आणि त्यांनी झाडांची फळं तोडली. माळ्यांशी बाचाबाची झाली, कोतवालाकडे तक्रार गेली. तीस-पस्तीस जणांना धरून एका अरुंद कोठडीत कोंडलं आणि बाहेरून कुलूप लावलं. सरदार मानाजी फाकडे यांना सुगावा लागला. त्यांनी कुलूप तोडलं तेव्हा कोठडीत हवाच उरलेली नव्हती. एकवीस माणसं गुदमरून मेली.

मग शहर उसळलं. तेलंगी ब्राह्मणांचा जमाव नाना फडणविसांच्या दारात ठाण मांडून बसला. कोतवाल आपल्या हवाली करा, ही एकच मागणी. नानांनी आधी चालढकल केली, पण जमाव हटेना. घाशीरामाची शहरातून धिंड निघाली आणि ३१ ऑगस्ट १७९१ रोजी त्याला दगडांनी ठेचून मारलं. नानांचा कारभार चालू राहिला. पुढे त्यांच्यावर कैदेची वेळ आली, पण ती सवाई माधवरावांच्या मृत्यूनंतरच्या वारसाच्या भानगडीतून. एकवीस प्रेतांचा जाब त्यांना कुणी विचारला नाही.

एक दुष्ट माणूस मोठ्या जागी बसला, माजला आणि त्याचा अंत झाला, अशी ही गोष्ट सांगता येते. गावोगाव ती अशीच सांगितली गेली. पण ही जागा कसली होती ते पाहिलं की गोष्ट वेगळी दिसायला लागते.

पेशवाईतला पुण्याचा कोतवाल म्हणजे नुसता पोलीस अधिकारी नव्हे. पेठांमधले तंटे तो मिटवायचा, बाजारभावावर त्याची नजर असायची, घर-जागेच्या खरेदी-विक्रीची नोंद त्याच्याकडे व्हायची, शहरात कोण आला आणि कोण गेला हे त्याच्या माणसांना ठाऊक असायचं. रात्रीची तोफ झाली की रस्त्यावर दिसेल त्याला अडवायचा अधिकार त्याचा. गुन्हा कुठला, तो केला कुणी आणि दंड किती, हे सगळं एकाच चावडीत ठरायचं. दंडाचा पैसा सरकारी उत्पन्नात धरला जायचा. म्हणजे कोतवाल जितका कडक, तितकी सरकारची जमा जास्त.

घाशीराम या जागेवर १७७७ साली आला आणि चौदा वर्षं राहिला. हिंदुस्थानातल्या प्रत्येक दरबारात कोण काय बोलतं याची बातमी ज्यांच्याकडे यायची, त्या नानांना स्वतःच्या पेठांत चौदा वर्षं काय चाललंय याचा पत्ता नव्हता, हे कुणाला पटेल?

विजय तेंडुलकरांनी नेमकं याच ठिकाणी बोट ठेवलं. ‘घाशीराम कोतवाल’चा पहिला प्रयोग १६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्याच्या भरत नाट्य मंदिरात झाला. संस्था प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशन, दिग्दर्शन जब्बार पटेल यांचं, संगीत भास्कर चंदावरकरांचं, नानांच्या भूमिकेत मोहन आगाशे. रंगमंचावर ब्राह्मणांची एक रांग. ती डुलते, गाते, आणि हवं तेव्हा भिंत होऊन मागचं झाकते. पडदा ओढायला वेगळा माणूस लागत नाही, समाजच पडद्याचं काम करतो.

नाटकातला घाशीराम परगावचा, अपमानित आणि सूडाने पेटलेला आहे. कोतवाली मिळावी म्हणून तो आपली मुलगी नानांच्या पुढ्यात ठेवतो. हा भाग तेंडुलकरांच्या कल्पनेतला, आणि हे ऐतिहासिक नाटक नव्हे असं त्यांनीही सांगितलं होतं. पण नाटकाचा कणा वेगळ्याच ठिकाणी आहे. नेमणूक करताना नाना मनाशी हिशेब मांडतात: आता जे काही करायचं ते आपण करू आणि नावावर पडेल ते याच्या. सत्तेला असा माणूस लागतो. काम त्याने करायचं, फळ वर पोचवायचं, आणि दिवस फिरले की शिव्याही त्यानेच खायच्या. शेवटी कोतवालाचा बळी जातो, नाना लोकांसमोर येऊन अरिष्ट टळल्याचं जाहीर करतात आणि उत्सवाचा हुकूम देतात. प्रेक्षक गृहीत धरतो की न्याय झाला. मग त्याच्या लक्षात येतं की न्याय करणारा तोच आहे, ज्याने कोतवाल नेमला होता.

या नाटकावर वादळ उठलं ते इतिहासाच्या आणि ब्राह्मणांच्या बदनामीवरून. एकोणीस प्रयोगांनंतर संस्थेच्या अध्यक्षांनी, भालबा केळकरांनी, ते थांबवलं. नाटकातली मंडळी बाहेर पडली, त्यांनी थिएटर अकादमी काढली आणि जानेवारी १९७४ पासून प्रयोग पुन्हा सुरू केले. १९८० साली ते युरोपच्या दौऱ्यावर निघालं तेव्हाही ते अडवण्याचे प्रयत्न झाले. भांडण अठराव्या शतकातल्या नानांच्या चारित्र्यावर चाललं होतं. पण सत्ताधाऱ्यांच्या आडोशाने वाढणारं आणि पुढे त्यांनाच न आवरणारं राजकारण मुंबईत तेव्हा डोळ्यांसमोर होतं, आणि नाटकाचा धागा अनेकांनी त्याच्याशी जोडला.

मराठीला हा विषय नवा नव्हता. मोरोबा कान्होबा विजयकरांनी १८६३ मध्येच ‘घाशीराम कोतवाल’ या नावाचं कथात्मक पुस्तक लिहिलं होतं. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या ‘कीचकवधा’तल्या कीचकात प्रेक्षकांना लॉर्ड कर्झन दिसला, तसा तो ब्रिटिश सरकारलाही दिसला आणि १९१० मध्ये नाटकावर बंदी आली. पण कीचक हा परका सत्ताधीश, त्याचा वध झाला की प्रश्न मिटतो. स्वराज्यात सत्ताधीश आपल्याच भाषेत बोलतो, आपल्याच लग्नाला येतो, आपल्या मुलाला नोकरी लावतो. त्याच्यावर लिहिणं अवघड, कारण त्याच्या उपकारांची यादीही खरीच असते.

तोडीची चिठ्ठी

‘सामना’ हा चित्रपट १९७५ चा. पटकथा तेंडुलकरांची, दिग्दर्शक म्हणून जब्बार पटेलांचा पहिला चित्रपट, निर्माते रामदास फुटाणे. साखर कारखान्याचा सर्वेसर्वा हिंदुराव धोंडे-पाटील म्हणजे निळू फुले, आणि गावात उगवलेला दारुडा, एके काळचा गांधीवादी मास्तर म्हणजे श्रीराम लागू. गावातून मारुती कांबळे नावाचा माणूस नाहीसा झालाय आणि त्याचं काय झालं हे मास्तर विचारत राहतो. बस्स, एवढीच कथा.

हिंदुरावाला नुसता खलनायक म्हणून मोकळं होता येत नाही. त्याने माळरानावर कारखाना उभा केलाय, रस्ते आणलेत, माणसं कामाला लावलीत. मास्तरला तो हे सगळं अभिमानाने दाखवतो, आणि दाखवतो ते खोटं नसतं. एवढा विकास केल्यावर एका माणसाच्या जिवाचा हिशेब कोण मागतो, हा त्याचा खरा सवाल आहे. सत्ता माणसाला कशी पोखरते हे दाखवणारी मराठीतली इतकी अचूक जागा दुसरी नसेल. केलेल्या चांगल्या कामाची पुण्याई पुढच्या गुन्ह्यासाठी वापरता येते, असं माणसाला वाटू लागतं.

साखर कारखानाच का निवडला असावा, हे उसाच्या पट्ट्यात राहिलेल्याला सांगावं लागत नाही. महाराष्ट्राचा सहकार ही खरोखर मोठी गोष्ट होती. विठ्ठलराव विखे-पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरेला १९५० च्या सुमारास पहिला सहकारी साखर कारखाना चालू करून दाखवला, तो शेतकऱ्याला सावकार आणि खाजगी कारखानदार यांच्या तावडीतून सोडवायला. पण उसाचा एक गुणधर्म आहे. तो तयार झाल्यावर थांबत नाही. तोड लांबली की तुरा येतो, रस आटतो, वजन घटतं, आणि पुढच्या पिकासाठी रान मोकळं होत नाही. म्हणून तोडीची पाळी कधी येते यावर शेतकऱ्याचं वर्ष अवलंबून असतं. ती पाळी शेतकी ऑफिसात लागते, चिठ्ठी घेऊन स्लिपबॉय येतो, मुकादम टोळी पाठवतो. पुढे वजनकाटा. त्याही पुढे सोसायटीचं कर्ज, मुलाचा कॉलेजातला प्रवेश, सुनेची शाळेतली नोकरी. प्रत्येक ठिकाणी नियम आहे आणि प्रत्येक नियमाच्या शेजारी कुणाची तरी मर्जी बसलेली आहे.

विरोधात मत दिलं म्हणून कुणी ऊस पेटवत नाही. तो फक्त उभा ठेवला जातो. महिनाभर टोळी येत नाही. चौकशी केली तर यंदा ऊस जास्त आहे, टोळ्या कमी पडल्यात, असं अगदी नम्रपणे सांगितलं जातं. कागदावर काही सापडत नाही. लाच दिल्याघेतल्याची नोंद नाही, धमकी नाही, साक्षीदार नाही. तरी पुढच्या निवडणुकीत त्या घरातली मतं कुठे पडतील हे साऱ्या गावाला ठाऊक असतं.

अरुण साधूंनी हीच यंत्रणा मुंबईत, मंत्रालयाच्या मजल्यांवर पाहिली. ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’ या त्यांच्या दोन कादंबऱ्यांवरून १९७९ मध्ये ‘सिंहासन’ चित्रपट झाला, पटकथा पुन्हा तेंडुलकरांची. मुख्यमंत्री जिवाजीराव शिंदे (अरुण सरनाईक) आणि त्यांची खुर्ची हलवू पाहणारे अर्थमंत्री विश्वासराव दाभाडे (श्रीराम लागू) यांच्यात तत्त्वाचं भांडण औषधालाही नाही. सगळं ठाऊक असलेला पत्रकार दिगू टिपणीस (निळू फुले) शेवटी वेडा होऊन रस्त्यात हसत सुटतो. साधू स्वतः पत्रकार होते. बातमी कळणं आणि ती छापून काही बदलणं यांत किती अंतर असतं, हे त्यांना नोकरीतूनच कळलं असणार.

सिमेंटचं पोतं आणि प्रतिभा

चित्रपट येऊन दोन-अडीच वर्षं होतात न होतात, तोच मंत्रालयातून खरी गोष्ट बाहेर आली. बॅरिस्टर अब्दुल रहमान अंतुले जून १९८० मध्ये मुख्यमंत्री झाले. माणूस कामाचा आणि झपाट्याचा. संजय गांधी निराधार योजना त्यांच्या काळातली, सिंधुदुर्ग आणि जालना हे जिल्हे १ मे १९८१ रोजी त्यांच्याच कारकिर्दीत झाले. फाईल अडवून ठेवणाऱ्या कारभाराला कंटाळलेल्या लोकांना ते आवडायचे, आणि कोकणात आजही त्यांचं नाव आदराने घेतलं जातं.

त्या काळी सिमेंटवर सरकारचं नियंत्रण होतं. भाव ठरलेला, माल अपुरा, आणि कुणाला किती पोती हे परमिटवर ठरायचं. घराच्या पायासाठी सामान्य माणूस महिनोन्‌महिने अर्ज घेऊन फिरायचा. नियंत्रित भाव आणि काळ्या बाजारातला भाव यांत मोठी फट होती. परमिट हातात येणं म्हणजे त्या फटीतला पैसा खिशात येणं. त्याच सुमारास मुख्यमंत्र्यांच्या पुढाकाराने काही विश्वस्त संस्था निघाल्या. त्यांतली सर्वांत गाजलेली इंदिरा गांधी प्रतिभा प्रतिष्ठान. तिचा जाहीर हेतू साहित्य आणि कला यांना, म्हणजे लेखक-कलावंतांना, मदत करण्याचा. या संस्थांना बिल्डरांकडून देणग्या आल्या, आणि देणगी देणाऱ्यांना कोट्यापलीकडे सिमेंट मिळालं. ऑगस्ट १९८१ च्या अखेरीस अरुण शौरी यांनी ‘इंडियन एक्स्प्रेस’मध्ये हे छापलं.

प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांनी १२ जानेवारी १९८२ रोजी निकाल दिला, देणगी आणि सिमेंट यांचा संबंध असल्याचा निष्कर्ष काढला, आणि अंतुले पायउतार झाले. लोकांनी सुटकेचा निःश्वास सोडला. इथवरचं सगळ्यांना आठवतं. यानंतरचं फारसं कुणी सांगत नाही.

रामदास नायक यांनी मुख्यमंत्र्यांविरुद्ध फौजदारी तक्रार केली होती. पण लोकसेवकावर खटला भरायचा तर मंजुरी लागते. मुख्यमंत्री म्हणून राज्यपालांची मंजुरी १९८२ मध्ये मिळाली. मग प्रश्न निघाला की ते अजून आमदार आहेत. आमदार लोकसेवक ठरतो का? ठरत असेल तर त्याची मंजुरी कुणी द्यायची? विशेष न्यायाधीशांनी १९८३ मध्ये याच मुद्द्यावर आरोपीला मोकळं केलं. १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी आमदार त्या अर्थाने लोकसेवक नाही असं ठरवलं आणि खटला उच्च न्यायालयाकडे वर्ग केला. १९८८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्याच सात न्यायमूर्तींच्या पीठाने बहुमताने सांगितलं की असा खटला उच्च न्यायालयाकडे वर्ग करणंच चुकीचं होतं. सहा-सात वर्षं गेली ती खटला कुठे आणि कुणाच्या परवानगीने चालवायचा हे ठरवण्यात. या प्रकरणात अंतुल्यांना शिक्षा झाली नाही. १९८९ मध्ये ते लोकसभेवर निवडून आले आणि नंतर दोनदा केंद्रात मंत्री झाले.

मग सिमेंटचा हा बाजार बंद कसा झाला? कुणी तुरुंगात गेलं म्हणून नव्हे. फेब्रुवारी १९८२ मध्ये सिमेंटवरचं नियंत्रण अंशतः उठलं, १९८९ मध्ये पूर्ण उठलं. कारखाने वाढले, माल दुकानात मिळू लागला. परमिटाला कुणी विचारेना, तेव्हा परमिट देणाऱ्यालाही कुणी विचारेना. संतापाला आणि न्यायालयाला जे साधलं नाही ते एका धोरणातल्या बदलाने केलं. टंचाई संपली आणि मर्जीची किंमत संपली.

पण मर्जी जागा बदलते. मुंबईत सिमेंट मुबलक झालं तशी जमीन दुर्मीळ झाली. मग चटईक्षेत्र, आरक्षणातला फेरबदल, किनारपट्टी नियमनाचा (सीआरझेडचा) दाखला ही नवी परमिटं आली. कुलाब्यातली आदर्श सोसायटीची ३१ मजली इमारत याच दाखल्यांवर चढत गेली. कारगिलच्या जवानांचं नाव घेत चाललेल्या त्या सोसायटीत सत्तेच्या आसपासच्या लोकांना फ्लॅट मिळाल्याचं उघड झालं आणि नोव्हेंबर २०१० मध्ये मुख्यमंत्री अशोक चव्हाण यांनी राजीनामा दिला. खटल्याच्या मंजुरीला राज्यपालांनी २०१३ मध्ये नकार दिला. २०१६ मध्ये पुढच्या राज्यपालांनी ती दिली. २०१७ मध्ये उच्च न्यायालयाने ती रद्द केली. अंतुले प्रकरण आठवणाऱ्याला ही वाट तोंडपाठ असेल.

दरबारातले लेखक

प्रतिभा प्रतिष्ठानात एक गोष्ट बोचते. सिमेंटच्या पैशाला साहित्याचं नाव का लागलं? कारण साहित्याला मराठी समाजात इभ्रत आहे, आणि सत्तेला इभ्रत विकत घ्यायची असते. लेखकांनी ही इभ्रत कशी सांभाळली याचा इतिहास संमिश्र आहे.

आणीबाणीत, डिसेंबर १९७५ मध्ये कराडला साहित्य संमेलन भरलं. स्वागताध्यक्ष यशवंतराव चव्हाण, म्हणजे केंद्रातल्या त्याच सरकारचे ज्येष्ठ मंत्री. अध्यक्षा दुर्गा भागवत. समोर सत्ता बसलेली असताना त्या लेखनस्वातंत्र्यावर बोलल्या, आणि तुरुंगवासात आजारी पडलेल्या जयप्रकाश नारायण यांच्या प्रकृतीसाठी त्यांनी प्रार्थना करायला लावली. पुढच्या वर्षी त्यांना अटक झाली. यशवंतराव स्वतः वाचणारे, लेखकांचा आदर करणारे. सुसंस्कृत सत्ताधारी असूनही अटक टळली नाही, हेही त्यात आलंच.

आणीबाणीवरचं विनय हर्डीकरांचं पुस्तक, ‘जनांचा प्रवाहो चालिला’. राज्य पुरस्कार जाहीर झाला आणि १९८१ मध्ये सरकारने तो मागे घेतला. सरकार अंतुल्यांचं, म्हणजे एका हाताने प्रतिभेचं प्रतिष्ठान आणि दुसऱ्या हाताने लेखकाचा पुरस्कार परत. त्याच वर्षी साहित्यातल्या सरकारी हस्तक्षेपाच्या निषेधार्थ मुंबईत समांतर साहित्य संमेलन भरलं, मालतीबाई बेडेकर त्याच्या अध्यक्षा होत्या. डिसेंबर २०२२ मध्ये, वेगळ्या पक्षांच्या सरकारने कोबाड गांधी यांच्या पुस्तकाच्या अनघा लेले यांनी केलेल्या अनुवादाचा पुरस्कार जाहीर करून आठवड्याच्या आत रद्द केला. परीक्षण समितीही बरखास्त केली. काही लेखकांनी राज्याच्या साहित्य-संस्कृती मंडळाचे राजीनामे दिले, काहींनी आपले पुरस्कार नाकारले. बाकीचे गप्प राहिले. पक्ष बदलले, चाळीस वर्षं गेली, सही करणारा हात मात्र तेच करत होता.

यातून मला दिसतं ते असं. एखाद्याच्या हाती सत्ता आली की तो बिघडतो, हे अर्धं खरं. तो एकटा बिघडत नाही. त्याच्या वर कुणीतरी फळ घेणारा असतो आणि खाली कुणीतरी चिठ्ठीची वाट बघणारा असतो. आणि आजूबाजूला नाटकातल्या त्या ब्राह्मणांच्या रांगेसारखे आपण असतो, हवं तेव्हा डुलणारे, हवं तेव्हा झाकणारे. मराठी लेखकांनी हे न्यायालयांच्या आधी ओळखलं. खटल्यात आरोपीचं नाव लागतं आणि मंजुरीचा कागद लागतो. कादंबरीला आणि नाटकाला तो लागत नाही, म्हणून ती थेट नेमणूक करणाऱ्यापर्यंत पोचू शकतात. हा साहित्याचा फायदा आहे, आणि तो वापरायचा तर लेखकाचा पाय कुणाच्या मर्जीत अडकलेला असून चालत नाही.

दिवाळी अंक हीच त्याची सोपी परीक्षा. सरकारी महामंडळं, सहकारी बँका, साखर कारखाने, बिल्डर आणि शिक्षणसम्राट यांच्या जाहिरातींवर मराठीतले बरेचसे अंक उभे राहतात. त्यात लपवण्यासारखं काही नाही, छपाईचं बिल कुणाला तरी भरावं लागतंच. पण पुढच्या वर्षी त्यातल्याच एखाद्या कारखान्याच्या वजनकाट्यावर कुणी लेख लिहून पाठवला, तर तो छापायचा की नाही हे ठरवताना जाहिरातीचं पान आठवतं का? आठवत असेल, तर आपल्याही ऑफिसात एक लहानशी कोतवाली चालू आहे, आणि तिथली नेमणूक दुसऱ्या कुणी केलेली नाही.